ऑपरेटरबाईंची तक्रार

सोमवारी सकाळी ऑपरेटरबाईंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तेव्हा सगळं नेहमीसारखंच झालं. सीपीयूच्या डब्यावरचा निळा दिवा लागला, आतला पंखा घरघरला, कीबोर्डवरचे तीन हिरवे ठिपके एकदा चमकून विझले. पुढे मात्र काही घडेना. पडदा काळा तो काळाच. जरा वेळानं त्यावर एक इवलीशी चौकट उगवली, 'सिग्नल नाही' एवढंच म्हणाली आणि इकडून तिकडे तरंगत बसली.

बाईंनी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. पाचव्या खेपेला त्यांनी जगातला सगळ्यात जुना उपाय केला, डब्याला तळहातानं दोन सणसणीत थापट्या दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. पंखा आपला घरघरतोय, दिवा आपला जळतोय. घरात माणूस आहे, दिवा लागलाय, पण दार काही उघडत नाही, अशातली गत.

ऑपरेटरबाईंना सगळा जिना याच नावानं ओळखायचा. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. सुरुवातीला दोऱ्या खोचून कॉल जोडण्याच्या टेबलावर, नंतर चौकशीच्या. लोक फोन करून विचारायचे, अमक्याचा नंबर काय, तमक्याचा काय, आणि बाई सांगायच्या. निवृत्त झाल्यावर कानाची नोकरी संपली आणि डोळ्यांची लागली. एक प्रकाशक त्यांना पुस्तकांची मुद्रितं तपासायला पाठवायचा. या आठवड्यात बागकामाचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं, शुक्रवारी परत द्यायचं होतं, आणि ते सगळं त्या काळ्या पडद्याच्या पलीकडे अडकून पडलं होतं.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. लेक एकुलती एक, एक दिवसाच्या प्रवासावरच्या मोठ्या शहरात. गंमत अशी की ती काम करायची ते याच कॉम्प्युटरच्या कंपनीत, ग्राहक सेवेत. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे बिघाड ऐकायचे आणि फोनवरून दुरुस्त करायचे. हा कॉम्प्युटरही तिनंच चार वर्षांपूर्वी आईला घेऊन दिलेला. तेव्हा बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"आई, मी निघतेय गं. बस चुकेल."

"एकच मिनिट. माझा कॉम्प्युटर..."

"चालू होत नाही?"

"चालू होतो. पण पुढे काही होत नाही."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "जवळच्या दुकानात दाखव ना, प्लीज. दिवसभर हेच करते मी. घरच्या फोनवर परत तेच नको."

"बरं," बाई म्हणाल्या. "जेवणाचा डबा घेतलास का?"

"घेतला. ठेवते."

फोन बंद झाला. बाईंची नजर सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पस्तीस सेकंद. रविवारी लेक नेमानं फोन करायची तो साधारण अडीच मिनिटांचा असायचा. बाईंच्या तरुणपणी परगावच्या कॉलला तीन मिनिटं मिळायची, आणि तीन मिनिटांत लोक बारसं, लग्न, आजारपण, सगळं उरकायचे. बाई कधी तक्रार करायच्या नाहीत. लेक कामाची आहे, दमते, हे त्यांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटात तुटणं वेगळं.

दुकानदारानं डब्याकडे न बघताच सांगितलं, ठेवून जा, आठ दिवस लागतील. बाई डबा रिक्षातून परत घेऊन आल्या. टेबलावर ठेवताना त्याच्या कुशीवर चिकटवलेला कागद त्यांना दिसला. 'अडचण आल्यास आम्हाला फोन करा,' आणि खाली नंबर.

मंगळवारी अकराच्या सुमारास त्यांनी तो नंबर लावला. आधी एका ध्वनिमुद्रित बाईनं बजावलं की आपलं संभाषण नोंदवून ठेवलं जाईल. मग वाजंत्री. मग एक तरुण पोरगा आला. आवाजात अशी काही आस्था, की जणू बाईंचा कॉम्प्युटर बिघडल्यानं त्याच्याच घशाखाली घास उतरत नव्हता.

"मी आपली काय मदत करू शकतो, मॅडम?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात एक विचार चमकला. आपली लेकही हेच म्हणत असेल. याच खोलीत, कदाचित या पोराच्या शेजारच्याच खुर्चीत बसून. कोणा परक्याला. दिवसातून साठ वेळा.

"अं... दारावर कोणीतरी आलंय," बाई म्हणाल्या. "मी नंतर करते." आणि त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या तासानं पुन्हा लावला. एक बाई आल्या, वयानं जरा पोक्त. ऑपरेटरबाईंनी फोन ठेवून दिला. तासाभरानं पुन्हा. पुन्हा तोच पोरगा.

"मॅडम, झालं का दार उघडून?"

बाई चक्क लाजल्या. चौसष्टाव्या वर्षी! "हो हो, पोस्टमन होता," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन खाली ठेवला. पण आता त्यांना एका गोष्टीनं पछाडलं होतं. त्यांना कॉम्प्युटर दुरुस्त करून हवा होता, यात शंका नाही. पण त्याहून जास्त, त्यांना तो आवाज ऐकायचा होता जो लेक परक्यांना देत होती.

एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला हे कोडं अवघड नव्हतं. अमकाच माणूस फोन घेईल असं कोणी सांगू शकत नाही, पण टेबलं कधी रिकामी होतात हे सांगता येतं. एक वाजला की माणसं जेवायला उठतात, दोनला परत येतात. आणि लेक? लेक कधीच वेळेवर जेवली नव्हती. लहानपणी वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसायची, तेव्हाही अडीचच्या आत डबा उघडायची नाही. सगळे जेवून हात धुवायला लागले की हिची भूक जागी व्हायची.

बुधवारी दुपारी पावणेदोनला बाईंनी नंबर लावला. चार मिनिटं वाजंत्री वाजली. मग ती थांबली.

"नमस्कार, ग्राहक सेवेत आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?"

लेकीचाच आवाज. आणि तरीही बाईंनी तो कधी ऐकलेला नव्हता. ऊबदार, निवांत, कडेला थोडंसं हसू असलेला. रविवारच्या फोनवरचा आवाज पायात चप्पल घालूनच उभा असायचा. हा आवाज मांडी घालून बसला होता.

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावून बघितला.

"हॅलो? माझा आवाज येतोय ना आपल्याला? काही घाई नाही. सावकाश बोला."

सावकाश बोला! बाईंनी डोळे मिटून घेतले.

"माझा कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या, "चालू होतो. पण पुढे काही होत नाही."

पलीकडे एकदम शांतता पसरली. बाईंना मागचे इतर आवाज ऐकू येत होते. कुठेतरी खुर्ची सरकली, कोणीतरी हसलं. आता ओरडेल, बाईंना वाटलं. नाहीतर ठेवून देईल. पण संभाषण नोंदवलं जातंय हे दोघींनाही ठाऊक होतं. बाईंच्या एक्स्चेंजमध्येही सुपरवायझर मध्येच लाइनवर येऊन ऐकत बसायचे आणि खासगी बोलताना सापडलं की मेमो मिळायचा. बाईंनी त्या शांततेला मुळीच हात लावला नाही.

"आपला नोंदणी क्रमांक सांगता का, मॅडम?" लेक शेवटी म्हणाली. आवाज तोच ठेवलेला, फक्त किंचित हललेला.

बाईंनी क्रमांक वाचून दाखवला. एकेक आकडा सुटा, स्वच्छ, जुन्या वळणानं.

"धन्यवाद. बटण दाबल्यावर काय काय होतं, ते सांगाल?"

"निळा दिवा लागतो. पंखा फिरतो. पडद्यावर सिग्नल नाही असं येतं."

"एखादी शिट्टी ऐकू येते का? बारीकशी?"

"नाही. आधी यायची. टुक अशी. आता येत नाही."

"हे आपण फार उपयोगी सांगितलंत, मॅडम."

बाईंना बक्षीस मिळाल्यासारखं झालं. लेकीनं त्यांना असं शेवटचं कधी म्हटलं होतं कोण जाणे.

आधी पडद्याची वायर काढून घट्ट बसवून झाली. मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, जे जे खोचलेलं होतं ते सगळं काढलं. फरक नाही. मग लेकीनं मुख्य वायर भिंतीतून काढायला सांगितली आणि चालू करायचं बटण मनात तीसपर्यंत मोजत दाबून धरायला लावलं. आत साठलेली वीज अशानं निघून जाते, ती म्हणाली.

"आता पाच मिनिटं तसंच राहू द्या. मी लाइनवर आहे."

पाच मिनिटं! रविवारच्या दुप्पट. आणि लाइन मुकी ठेवायची नाही, ग्राहकाशी चार शब्द बोलत राहायचं, हा तिथलाही नियम असणार. बाई वाट बघत राहिल्या.

"घरी आपण एकट्याच असता का, मॅडम?"

"हो. मुलगी बाहेरगावी असते."

"फोन करते का ती?"

"करते की. रविवारी, न चुकता. तशी गुणी आहे." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "फार वेळ नाही बोलत."

"कामात असेल."

"असणारच. तिचं कामच बोलायचं आहे. दिवसभर लोकांशी गोड बोलायचं, त्यांच्या कटकटी ऐकायच्या. घरी पोचेपर्यंत शिल्लक काय राहणार? मला कळतं हो. मीही तेच केलंय, एकतीस वर्षं."

पलीकडे कीबोर्डची एक कळ वाजली. मग लेक म्हणाली, "झाली पाच मिनिटं. आता वायर लावून बघू या."

लावून बघितली. दिवा लागला, पंखा फिरला, चौकट तरंगली.

"हरकत नाही," लेक म्हणाली, आणि ते इतक्या धीरानं म्हणाली की बाईंना वाटलं, हा कॉम्प्युटर असाच बिघडलेला राहो. "आता आपल्याला डबा उघडावा लागेल. जमेल ना?"

"सायकलवाल्याची बायको होते मी. जमेल."

"वायर पुन्हा काढा. मागच्या बाजूला दोन स्क्रू आहेत. तो पिवळ्या मुठीचा घ्या, मोठा नको, त्याची धार..." लेक एकदम थांबली. "म्हणजे, आपल्याकडे लहान स्क्रूड्रायव्हर असला तर, मॅडम."

"आहे. पिवळ्या मुठीचाच आहे, योगायोगानं," बाई म्हणाल्या, आणि दोघींनीही आपापल्या टोकाला हसू गिळलं.

रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मध्ये धरून बाईंनी डब्याची कूस काढली. आत धुळीचं मखमली अस्तर बसलं होतं. लेक सांगत गेली, बाई करत गेल्या. लोक म्हणतात, उंटावरून शेळ्या हाकू नयेत. पण लेकीनं त्या हाकल्या आणि एकही इकडची तिकडे झाली नाही. आधी डब्याच्या पत्र्याला हात लावा. आता पंख्याच्या उजवीकडे बघा, टीचभर लांबीच्या दोन उभ्या पट्ट्या दिसतील, शेजारी शेजारी. ती मेमरी. दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर दाबा, पट्टी आपोआप वर येईल. दोन्ही काढून घ्या. ओढायची नाही. खालची सोनेरी कड साध्या खोडरबरानं पुसा, हलक्या हातानं, दोन्ही बाजूंनी. खूपदा तिथेच घोडं अडतं. वरवर सगळं चालू दिसतं, पण कडेला मळ बसला की आतला निरोप पोचत नाही.

मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर खोडरबराला काय तोटा! त्या पुसायला बसल्या. लाइनवर बारीक घासण्याचा आवाज जात असावा.

"माझी आई टेलिफोनवर होती, मॅडम," लेक म्हणाली.

बाईंचा हात थांबला.

"पुसत राहा आपण. मी आपलं सहज सांगतेय. मी सात-आठ वर्षांची असेन. बाबांच्या दुकानाशेजारी औषधाचं दुकान होतं, तिथं फोन होता. दुकानदारकाका कामात असले की मी गुपचूप चौकशीचा नंबर फिरवायचे. कधी दुसऱ्याच कोणी बाई घ्यायच्या. मग ठेवून द्यायचे. पुन्हा फिरवायचे. आई मिळेपर्यंत."

बाईंनी पट्टी उलटी केली आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

"मग ती म्हणायची, नमस्कार, चौकशी, कोणाचा नंबर हवाय आपल्याला? इतकं गोड म्हणायची, काय सांगू! मी आवाज बदलून काहीतरी सांगायचे. डॉक्टरांचा. अग्निशमन दलाचा. ती आकडे सांगायची, सुटे सुटे. मी लिहून घ्यायचे. माझ्याकडे एक वही भरली होती नंबरांची."

"त्यांना कळलं नाही?"

"एकदा कळलं. रात्री घरी आल्यावर रागावली. लाइन अडवायची नसते, लोकांची अडचण होते, म्हणाली. मी काहीतरी सांगायला गेले तर म्हणाली, आता गप्प बस गं बाई, कान किटलेत माझे."

बाईंनी आठवून बघितलं. औषधाचं दुकान आठवलं, काळा जड फोन आठवला, लेकीचा आखूड फ्रॉक आठवला. ते वाक्य काही आठवलं नाही. पण आपण ते म्हटलं असणार, यात त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. ड्यूटीवरून घरी आलं की कोणाचाही आवाज नकोसा व्हायचा, आपला तर आधी.

"त्या माउलीला आठवतही नसेल हो," त्या हळूच म्हणाल्या.

"नसेलच. मीही कधी बोलले नाही. आपण पहिल्याच."

"काय करायला हवं होतं त्यांनी?"

लेक विचार करत असावी. मागची कुजबूज आता वाढली होती, माणसं जेवून परत यायला लागली होती.

"विशेष काही नाही, मॅडम. त्या आवाजात एकदा मला जेवायला हाक मारली असती ना, तरी चाललं असतं."

बाईंच्या डोळ्यांपुढे पट्टीची सोनेरी कड अंधूक झाली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, विनाकारण. सांगायचं खूप काही होतं, पण या लाइनवर त्यातलं काही बोलता येणार नव्हतं, आणि ही लाइन सोडून दुसरी कुठलीही लाइन हे त्यांच्यापर्यंत घेऊन आली नसती.

"पुसून झालं," त्या म्हणाल्या.

"आता एकच पट्टी बसवा. खाच जुळवून. दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबा. टक् असा आवाज यायला हवा."

"भीती वाटते. मोडेल."

"नाही मोडत. जोर लावा. मी आहे."

टक्. दुसरं टोक, टक्. बाईंनी वायर लावली, बटण दाबलं. पंखा घरघरला. एक क्षण, दोन क्षण, आणि मग आतून ती बारीक शिट्टी आली, टुक, आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह उजळलं.

"आलं!" बाई ओरडल्या. "अगं, आलं!"

"आलं? खरंच आलं, आई?"

शब्द गेला तो गेलाच. नोंदवणारं यंत्र कुठेतरी निमूट फिरत असणार.

"अभिनंदन, मॅडम," लेक घाईघाईनं म्हणाली, पण आवाजातलं हसू काही तिला आवरलं नाही. "आता बंद करून दुसरी पट्टीही बसवून बघू."

दुसरी बसवल्यावर पडदा पुन्हा काळा. काढल्यावर पुन्हा उजळला. म्हणजे गोम त्या दुसऱ्या पट्टीतच होती. लेक म्हणाली, पाच वर्षांच्या हमीची मुदत अजून आहे, नवी पट्टी कुरिअरनं येईल. तोवर एकीवर काम चालेल, जरा हळू चालेल इतकंच.

"हळू चालेल," बाई म्हणाल्या. "मला कुठं पळायचंय!"

"तोपर्यंत तक्रार उघडी ठेवते. आणखी काही मदत करू शकते का आपल्याला?"

पोरी, घरी कधी येतेस, दमतेस का, घसा दुखतो का, कोणी आहे का तुझं तिथं चहा करून देणारं. असे कितीतरी प्रश्न बाईंच्या ओठांवर येऊन परत फिरले.

"नाही," त्या म्हणाल्या. मग एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून न काढलेला आवाज त्यांनी गळ्याच्या तळातून शोधून काढला. तो थोडा गंजला होता, तरी होता. "अडीच वाजत आले. जेवायला चला."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"हो," लेक म्हणाली. पुढे 'मॅडम' म्हणायचं राहून गेलं.

मग ध्वनिमुद्रित बाई परत आली आणि सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्या म्हणाली. बाईंनी पाच दाबला. चुकून नीट दाबला गेला नसेल म्हणून पुन्हा दाबला.

संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. वार बुधवार असताना लेकीचा नंबर! बाई हातातली भाजी तशीच टाकून धावल्या.

"तू वेडी आहेस का, आई?" ती रस्त्यावर होती. गाड्यांचे आवाज येत होते. "असं कोणी करतं? माझी नोकरी गेली असती म्हणजे?"

"जाईल का?"

"नाही. सुपरवायझरनं ऐकलं. तिनं विचारलं, या मॅडम कोण? मी म्हटलं, जुन्या ग्राहक आहेत." लेक हसली, आणि हसता हसता तिचा आवाज मध्येच फाटला. मग ती खाकरली.

दुपारचा तो ऊबदार आवाज कुठल्या कुठे गेला होता. हा घोगरा होता, कडेनं झिजलेला. रविवारी हाच असायचा. बाईंना वाटायचं, पोरीला बोलायची इच्छा नाही. आज त्यांनी तो नीट ऐकला.

"घसा बसलाय तुझा."

"रोजच बसतो गं संध्याकाळी."

"मला वाटायचं, तुला कंटाळा येतो माझा."

"नाही गं." एक रिक्षा तिच्या जवळून गेली. "बोलवत नाही. रविवारीसुद्धा नाही बोलवत. तुला काय सांगायचं ते सगळं डोक्यात असतं, पण तोंड उघडलं की तेच येतं, नमस्कार, मी आपली काय मदत करू. मग ठेवून देते."

बाई खुर्चीवर टेकल्या. "मी म्हणाले होते का गं तसं? कान किटले म्हणून?"

"म्हणाली होतीस."

"मला आठवत नाही."

"माहितीये."

"आठवत असतं तर बरं झालं असतं. निदान माफी तरी मागता आली असती."

"राहू दे आता, आई."

"राहू दे कसं? तुझी ती वही कुठंय? नंबरांची?"

"टाकली असशील तूच कधीतरी. रद्दीत." लेक पुन्हा खाकरली. बोलायला तिला त्रास होत होता, ते स्पष्ट कळत होतं.

"तू बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस, एवढंच. घरापर्यंत चाल नुसती. मी आहे इथं."

"आणि तू?"

"मीही नाही बोलत. ऐकते."

लेकीनं फोन खिशात टाकला असावा, कारण कापडाची खसफस सुरू झाली आणि पावलांचा ताल ऐकू यायला लागला. बाईंनी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. एक बस थांबली, दार फुसकन उघडलं. नाणी वाजली. बराच वेळ इंजिनाची गुरगुर, मध्येच कोणा मुलाचं रडणं, कोणीतरी लेकीला विचारलं, इथं बसू का, आणि ती बसा म्हणाली. मग पुन्हा पावलं, आता सावकाश. फाटकाचं कुरकुरणं. जिना. बाईंनी पायऱ्या मोजल्या, बेचाळीस. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते हे त्यांना माहीत होतं, पण ती रोज संध्याकाळी बेचाळीस पायऱ्या चढते आणि तिसाव्या पायरीला जरा थांबते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या त्या खोलीत बाई फक्त एकदाच गेल्या होत्या. किल्ली फिरली, दिव्याचं बटण खटकलं, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आले," लेक फोन कानाशी आणून म्हणाली. "आहेस?"

"आहे."

"ठेवू?"

"ठेव. गरम पाणी पी."

पण तिनं लगेच ठेवला नाही, आणि बाईंनीही नाही. दोन्ही बाजूंनी नुसता श्वास येत होता. मग केव्हातरी लेकीच्याच बाजूनं कॉल बंद झाला.

बागकामाचं पुस्तक बाईंनी एका पट्टीवर, रडतखडत, शुक्रवारी वेळेत पूर्ण केलं. नवी पट्टी नवव्या दिवशी आली. ती त्यांनी स्वतःच बसवली, कोणालाही न विचारता, आणि मग स्वतःवरच चिडल्या, कारण विचारायचं निमित्त गेलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतून त्या पहिल्या पोराचा फोन आला, तक्रार बंद करू का म्हणून. बाई म्हणाल्या, करा.

लेक घरी यायचं म्हणते, पण रजा मिळत नाही. एकदा तारीख ठरली होती, ती पुढे गेली. संध्याकाळचे फोन मात्र येतात, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बोलणं थोडंच असतं, चालणं जास्त. ज्या दिवशी फोन येत नाही त्या दिवशीही साडेसहाला बाई गॅस बारीक करतात, पंखा बंद करतात आणि खुर्चीवर येऊन बसतात. सात वाजेपर्यंत बसतात. मग उठतात आणि एकटीचं पान वाढून घेतात.